जळून गेलेली गाठ

लेझर आल्यापासून दातांच्या डॉक्टरीणबाईंना ब्लेड नकोसं झालं होतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण इथे पाच महिने झाले तरी नवलाई ओसरेना. पेनासारखी दांडी, तिच्या टोकाला बारीक तार. हिरडीला लावली की मशीन बीप-बीप करतं, थोडा जळका वास येतो आणि काम संपतं. ना रक्ताची धार, ना टाके. हिरडी वाढलेली असो की एखाद्या पोराची जीभ खाली चिकटलेली असो, बाईंचा हात आपोआप त्या दांडीकडेच जायचा.

म्हणून थोरल्या बहिणीचा नवरा जिभेच्या कडेला आलेली मुगाएवढी गाठ दाखवायला आला, तेव्हा बाईंनी दुसरा विचारच केला नाही. भावोजी म्हणजे घरचा माणूस. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना जीभ चावली गेली, तेव्हापासून ती आहे, असं त्यांनी सांगितलं आणि बाईंनी ते लिहून घेतलं. डोळ्यांवर लेझरचा रंगीत चष्मा चढल्यावर, आता एखादं गाणं पण होऊन जाऊ दे, म्हणाले. दहा मिनिटांत गाठीची वाफ झाली. भावोजींनी आरशासमोर जीभ बाहेर काढून सगळीकडून पाहिली, आणि मेहुणी असावी तर अशी, हे बाहेर बसलेल्या चार पेशंटांना ऐकवूनच घरी गेले.

दवाखान्यातल्या मावशी ट्रे आवरत होत्या. बाईंच्या हाताखाली त्यांची वीस वर्षं गेली होती.

"बाई, तुकडा कुठे ठेवलात? लॅबच्या बाटलीवर नाव घालायचंय."

तुकडा नव्हताच. तोंडातली गाठ काढली की, ती कितीही साधी दिसो, तपासायला पाठवायची, हे मावशींना शिकवलं होतं खुद्द बाईंनीच. ब्लेडने कापताना तुकडा आपसूक हातात यायचा, त्यामुळे नियम पाळायला वेगळं काही करावं लागत नसे. लेझरनेसुद्धा ती गाठ मुळाशी धरून अख्खी काढता आली असती. पण बाईंनी वरून खाली जाळत नेली, कारण तसं काम जास्त सफाईदार दिसतं. ती गाठ नक्की कसली होती हे ज्यावरून कळलं असतं, ते त्यांनी हौसेने संपवून टाकलं होतं.

"साधीच होती," बाई म्हणाल्या. मावशींनी रिकामी बाटली कपाटात ठेवली.

त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला घोर लागला. मन चिंती ते वैरी न चिंती. भावोजी तीस वर्षं सिगारेट ओढत आलेले, आणि जिभेची कड ही जागाच वाईट. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर बाईंनी त्याला उभा-आडवा घेतला असता. एकाच पेशंटचा एक्स-रे त्या दोनदा काढू लागल्या, चहा निवत ठेवू लागल्या. ताईला फोन करून उगाच पडद्यांच्या कापडाची चौकशी करायच्या आणि मग हळूच विचारायच्या, भावोजींचं जेवण बरं आहे ना. हल्ली तुला आमचं फारच प्रेम आलंय, असं ताई म्हणाली, तेव्हा बाईंना हसूही आलं नाही. खरं काय ते सांगून टाकावं असं रोज वाटे, आणि रोज जीभ टाळ्याला चिकटे. भावोजी तर लेझरचं कौतुक करकरून गावभर पेशंट गोळा करत होते. त्यातला एकेक आला की बाईंना लाज वाटायची.

तीन आठवड्यांनी त्यांनी भावोजींना बोलावून घेतलं. पुढे खरेदीला जायचं म्हणून ताईही बरोबर आली आणि बाहेर मासिक चाळत बसली.

बाईंनी कापडाने जीभ धरून बाजूला ओढली. जखम भरली होती. पण मागच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा पट्टा होता. जखमेवरचा पांढरा पापुद्रा एव्हाना गळून जायला हवा होता. त्यांनी बोट फिरवलं. खालचं मांस कडक लागलं.

"भावोजी, माझं चुकलंय," त्या म्हणाल्या. मग थांबल्या नाहीत. तुकडा ठेवायला हवा होता, तो मी जाळला, आता इथला नवीन तुकडा ब्लेडने काढून तपासावा लागेल, सगळं एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. भावोजींनी रागवावं असं बाईंना मनापासून वाटत होतं.

भावोजी खुर्चीच्या हातावर अंगठा घासत राहिले.

"पंधरा दिवसांची नव्हती ती," ते म्हणाले. "सहा महिन्यांची होती. आधी दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेलो होतो. त्याने तुकडा काढून तपासू म्हटलं, तर मी परत फिरकलोच नाही. तुझ्याकडे लेझर आहे, तू जाळून टाकतेस, असं कानावर आलं. म्हटलं, उरलंच नाही तर तपासणार काय? त्या दिवशी घरी जाऊन मी कितीतरी महिन्यांनी शांत झोपलो."

बाईंना संताप आला, आणि त्याच्या पाठोपाठ रडू. तीन आठवडे त्या ज्या चुकीपायी जळत होत्या, तीच करून घ्यायला हा माणूस हसत-खेळत येऊन बसला होता. म्हणून काही त्यांची चूक कमी होत नव्हती. सहा महिने हा आकडा त्यांच्या डोक्यात घण घालत होता.

"तुझ्या ताईला यातलं काही माहीत नाही," भावोजी हळू आवाजात म्हणाले. "तिला नको सांगूस. रिपोर्ट येईपर्यंत तरी नको. ती खचेल गं."

बाईंनी हातमोजे काढले. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांनाही ते सोयीचं वाटलं. मग त्या उठल्या आणि दार उघडलं. ताईने मासिकातून मान वर केली.

"ताई, आत ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याने तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आणि मीही लपवली. बस इथे. आधी माझी ऐक."