कारण : सोय

तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंचा फायदा सरळ होता. वर्षअखेरपर्यंत दोनशे खातेदारांना बँकेचं अ‍ॅप घ्यायला लावलं, की कंत्राटी नोकरी कायम. शाखेच्या साहेबांनी तसा शब्दच दिला होता. दर सहा महिन्यांनी कंत्राटावर सही करण्यात नऊ वर्षं गेली होती. नवऱ्याने तर त्यांच्या पेन्शनचाही हिशेब मांडून ठेवला होता. स्वतः नोकरी शोधण्यापेक्षा ते सोपं होतं.

एकशे नव्व्याण्णव झाले. उरले शिंपीकाका. शिल्लक हललेली नसली तरी दर सोमवारी पासबुक भरून घ्यायला यायचे.

"काका, घरबसल्या सगळं दिसेल."

"घरी बसलो की सूनबाई दिसते. पुरे आहे तेवढं."

"अहो, रांग नाही, हेलपाटे नाहीत."

"मला कुठे घाई आहे?" काकांनी चष्मा पुसला. "आणि अडकलो तर?"

"मी आहे ना इथे."

"तू आहेस ना? मग घे हा फोन, काय ते कर."

बाईंनी शेवटचा फॉर्म काढला. अ‍ॅप का घेतलं? सोय, सुरक्षितता, वेळेची बचत, इतर. 'इतर'वर खूण केली की खाली कारण लिहावं लागे.

"लिही, तीन नंबरच्या बाईंनी सांगितलं म्हणून."

बहुतेकांनी हेच सांगितलं होतं. पण मागे रांग खोळंबलेली, आणि आपलंच कौतुक आपल्याच हाताने लिहायचं म्हणजे अवघडच. बाईंनी नेहमीसारखी 'सोय'वर खूण केली.

मुख्य कार्यालयाने फॉर्म मोजले. लोक सोयीसाठी वळतात, खिडकीत माणूस लागत नाही, असं ठरलं. महिन्याभरात तीन नंबरला फळी ठोकली.

"साहेब, लोकांनी माझ्या शब्दावर घेतलं हो ते!"

साहेबांनी गठ्ठा पुढे सरकवला. "खुणा तुमच्याच ना, बाई?"

त्या सोमवारी काकांचा फोन अडकला. फळीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग रखवालदाराला म्हणाले, "बाई रजेवर का?"

"आता नाही येणार त्या."

काकांनी पिशवीतून पासबुक काढलं आणि परत ठेवलं.

एकूण हिशेब असा: बँकेचा एक पगार वाचला, साहेबांना बढती मिळाली. बाईंची नऊ वर्षं गेली. शिंपीकाकांचे फक्त सोमवार गेले. सोमवार मात्र दर आठवड्याला येतो.