उलटे आटे

आमच्यात वाटणी झाली तेव्हा विहिरीचे वार वाटले, कलमं वाटली, मधल्या फणसाच्या फांद्यासुद्धा वाटल्या. कोकणात यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. आम्ही सायकलही वाटली.

सायकल साधीसुधी नव्हती. मी जहाजावर इंजिनरूममध्ये लागलो, त्या पहिल्या फेरीवरून येताना धाकट्या भावासाठी, नितेशसाठी, ती आणली होती. डोंगरात चालवायची सायकल. जाड टायर, पुढे शॉक, मागे नुसतं सरळ लोखंड. शिरगावात तेव्हा तसली सायकल कुणी पाहिली नव्हती. कॉलेजातला नितेश तिच्यावरून आरे-वारेचा चढ चढून गणपतीपुळ्याला जायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी असायचा. वाटणीच्या दिवशी तो म्हणाला, "तुझी सायकल, तू ठेव." मी म्हणालो, "दिलेली वस्तू मी परत घेत नाही." इथे थांबलो असतो तर शहाणे ठरलो असतो, पण दिवसभर भांडून दोघांची डोकी तापलेली. मध्यस्थ म्हणून बसलेले भिकाजीकाका वैतागले नि म्हणाले, "मग अर्धी-अर्धी करा नि सुटा." काका थट्टेत बोलले. नितेशने पाना आणला, दोन्ही चाकं काढली, चेन काढली आणि सगळं खांद्याला लावून गडग्यापलीकडे निघून गेला. फ्रेम, हँडल, सीट आणि पायडलं माझ्याकडे राहिली. त्याला अकरा वर्षं झाली. चाकांवाचून फ्रेम चालत नाही आणि फ्रेमवाचून चाकं, हे कळायला इंजिनवाला व्हावं लागत नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणतात ते आमच्याचसारख्यांसाठी.

गडगा म्हणजे आमच्या दोन घरांमधली चिऱ्यांची भिंत, जेमतेम कमरेएवढी, कोपऱ्याशी माणूस जाईल एवढी फट ठेवलेली. तिच्यावरून रोज एकमेकांना बघायचं आणि बघितलंच नाही असं दाखवायचं. वर्षातले बरेच महिने मी जहाजावर असायचो म्हणून हे निभावलं. या जानेवारीत जहाज कायमचं सोडून घरी आलो, तेव्हा कळलं की न बोलणं हे भारी कष्टाचं काम आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी मासेवाली सोनूबाई पाटीतले बांगडे दाखवता दाखवता म्हणाली, "भावाची तब्येत कशी हाय आता?"

"कुठल्या भावाची?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आठवली की अजून माझे कान तापतात. नितेशला रत्नागिरीत कामावर असतानाच छातीत दुखायला लागलं होतं. तिथूनच त्याला दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, सहा दिवस ठेवून घरी सोडलं. दारोदार बांगडे विकणारीला हे माहीत आणि वीस पावलांवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला नाही. मी मासे न घेताच आत गेलो. बायको, मृणाली, म्हणाली, "मग जा ना. जाऊन बोला त्यांच्याशी." ती बरोबर बोलत होती, म्हणून मला तिचाच राग आला.

बोलायचं मला होतंच. भाऊ मरता मरता वाचला. त्या सहा दिवसांत मी काय करत होतो ते आठवून पाहिलं. कलमांना पाणी घालत होतो आणि टीव्ही बघत होतो. लाज वाटली, आणि भीतीही वाटली. पण अकरा वर्षांनी गडग्याशी जाऊन म्हणायचं काय? 'बरा आहेस का रे' म्हणालो आणि तो पाठ फिरवून आत गेला, तर मग उरलेल्या आयुष्यात पुन्हा विचारायचं धाडस मला झालं नसतं. मला मी ओळखतो.

म्हणून मी माळ्यावरून फ्रेम काढली. बेत सोपा होता. गडग्याला लागून, त्याला दिसेल अशी ती ठेवायची आणि दुरुस्तीला घ्यायची. या सायकलीला कुणी चुकीचा हात लावलेला नितेशला कधीच खपत नसे.

फ्रेमची दशा झाली होती. खाऱ्या वाऱ्याने जागोजाग गंज चढला होता, केबली कुजल्या होत्या आणि सीटची दांडी फ्रेममध्ये इतकी घट्ट अडकली होती की मी पाइप लावून लोंबकळलो तरी ती ढिम्म हलेना. शेवटी मिरकरवाड्याला अस्लमकडे नेली. अस्लम माझा जहाजावरचा सोबती. आता बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो.

"भाईर लोखंड, आत अल्युमिनियम, नि वरून खारं वारं," तो म्हणाला. "दोघांनी एकमेकांना धरलंय. ठोकशील तर फ्रेम फाटेल."

चार दिवस त्याने त्या सांध्यात डिझेल मुरवलं. मग दांडीचं टोक वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून अख्खी फ्रेमच फिरवली. कुरकुरत, पांढरी भुकटी सांडत दांडी बाहेर आली.

"चाकं सव्वीस इंचाची लागतील," अस्लम म्हणाला. "आता बाजारात सगळी मोठी चाकं. ही शोधत फिरावं लागेल."

"चाकं आहेत," मी म्हणालो. "गडग्यापलीकडे."

अस्लमला आमचा इतिहास पाठ होता. त्याने हात पुसले नि म्हणाला, "मग अर्धं काम माझ्याकडं नाय, संदेशभाई."

घरी आणून मी फ्रेम घासली, गंज उतरवला, लाल रंग दिला. नितेश सकाळी अंगणात डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या मारायचा. किती वाळला होता. शर्ट खांद्यावरून उतरायला आलेला. गडग्याच्या कोपऱ्याशी आला की त्याचं पाऊल अडखळायचं, नजर फ्रेमवर जायची आणि तो पुन्हा चालू लागायचा. आठ दिवस गेले. रंग वाळला, माझे उपाय संपले. आता फक्त डावं पायडल खोलायचं राहिलं होतं.

इथे मी एक लबाडी केली. कुठल्याही सायकलीच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बाकी सगळं जिकडे फिरवून सुटतं, तिकडे फिरवलं की हे पायडल आणखी आवळतं. आयुष्यभर इंजिनं खोललेल्या माणसाला हे माहीत नसेल? नितेशला हे मीच शिकवलं होतं. तरी तीन सकाळी, तो फेरीवर आला की, मी पायडलला पाना लावून सगळी ताकद चुकीच्या बाजूला लावत होतो. मृणाली खिडकीतून बघायची आणि कपाळाला हात लावायची.

तिसऱ्या दिवशी गडग्यापलीकडची पावलं थांबली.

"उलटे आटे हायत ते," नितेश म्हणाला.

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य. "असं होय," एवढंच मी म्हणालो आणि पाना बरोबर बाजूला लावला. पायडल हलेना. मी खरंच पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, तरी हलेना. तीन दिवस इमानदारीने आवळल्यावर ते सुटणार कसं? दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आपण पडतो, हा तर मी स्वतःसाठीच खणला होता.

नितेश गडग्याच्या फटीतून सावकाश अलीकडे आला. माझ्या अंगणात. त्याने क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरला, मी पान्यावर पाइप चढवला.

"तू जोर लावू नकोस," मी म्हणालो.

"धरतोय नुसता. ओढ तू."

मी ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कट्‌ आवाज झाला आणि पायडल सुटलं. आम्ही दोघं धापा टाकत चिऱ्यावर बसलो. तो माझ्याहून जास्त धापा टाकत होता आणि मी घाबरून त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"मुद्दाम उलटा फिरवत होतास ना मेल्या," तो म्हणाला. "इंजिनवाला म्हणे."

"मग तीन दिवस गप्प कशाला बसलास?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो."

मला हसू आलं आणि त्यातच रागही आला. "दवाखान्यात होतास ते मला मासेवालीकडून कळायला हवं होतं का? एक निरोप धाडता आला नाही?"

नितेश मान खाली घालून हाताचं ग्रीस बघत राहिला. "धाडला होता," तो म्हणाला. "दवाखान्याच्या कागदावर दोन माणसांची नावं घालायची होती. पहिलं बायकोचं घातलं, दुसरं तुझं. मला आत न्यायच्या आधी त्यांनी तुला तीनदा फोन लावला. लागला नाय. मला वाटलं, माझा फोन नको म्हणून तू नंबरच बंद केलास."

जहाज सोडल्यावर, इथे रेंज मिळत नाही म्हणून, मी नंबर बदलला होता. अख्ख्या गावाला नवा नंबर दिला होता. गडग्यापलीकडे देण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या भावाला आत नेत असताना त्याला माझं नाव आठवलं, आणि आत जाताना मी त्याला टाळलं असं मनात घेऊन तो गेला. मला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस, ग्रीसच्या हातांनी डोळे पुसायलाही येईना.

"जुना नंबर होता तो," मी कसंबसं म्हणालो. "बंद झालाय. तुझ्यामुळे नाही."

त्याने हात शर्टाला पुसले. मग खिशातून फोन काढला. "सांग नवा."

मी एकेक आकडा सांगितला. त्याने टिपून घेतला आणि खात्री करायला लगेच लावला. माझ्या खिशातला फोन वाजला. समोरासमोर, हाताच्या अंतरावर बसलो होतो, तरी तो कट करेना, म्हणून मी उचलून कानाला लावला.

"बोल, नितेश," मी म्हणालो.

माझ्याकडे बघतच तो फोनमध्ये म्हणाला, "चाकं माझ्या माळ्यावर हायत, दादा. मला शिडी चढायला मनाई हाय. येतोस काय?"

"आलो," मी म्हणालो. फोन आधी कुणीच ठेवला नाही. तसेच कानाला लावून आम्ही दोघं गडग्याच्या फटीतून पलीकडे गेलो.