फुलांचा पत्रा

आमच्या ह्यांना अभिमान दोनच गोष्टींचा. एक स्वतःच्या हातचा पत्रा आणि दुसरी बहिणीची लेक शेवंता. सुरतेजवळ उधन्याच्या कारखान्यात हे जस्ताच्या कढईवर होते. लोखंडाचा पत्रा तेजाबात धुवायचा, चिमट्यांनी धरून वितळलेल्या जस्तात बुडवायचा आणि सावकाश वर काढायचा. गार होताना त्यावर फुलं उमटतात. ह्यांच्या पत्र्यावरची फुलं तळहाताएवढी असत. रस्त्याने जाताना कुणाचंही छप्पर दाखवून "हाऊ मना", हा माझा, म्हणायचे, जसं काही आमचंच पोरगं वर चढून बसलंय. मी हसायचे, पण मलाही ते आवडायचं.

एकाहत्तर साली मोठ्या कारखान्यांचा नवा पत्रा सुरतेच्या बाजारात दिसायला लागला. तो एकेक करून बुडवत नाहीत. लाटलेल्या पत्र्याची लांबच लांब पट्टी एका गुंडाळीतून सुटते, भट्टीतून जाते, जस्तात शिरते न शिरते तोच बाहेर येते आणि पलीकडे पुन्हा गुंडाळली जाते. ह्यांच्या कारखान्यातले श्रीकांत साहेब त्याचा एक तुकडा घेऊन आले. सगळ्यांना गोळा करून त्यांनी तो दुमडला, हातोडीने ठोकून सपाट केला आणि परत उलगडला. त्याला काही झालं नाही. मग ह्यांनी बुडवलेला पत्रा तसाच दुमडला, तर घडीवरचं जस्त कपच्या होऊन खाली पडलं. साहेबांनी समजावलं, की ते लोक जस्तात चिमूटभर अॅल्युमिनियम घालतात, त्यामुळे थर पातळ बसतो पण लोखंडाला सोडत नाही. आपला थर जाड, पण कडक.

त्यावर हे म्हणाले, "छत कोन दुमडस?"

सगळे हसले म्हणे. घरी येऊन ही फुशारकी मला दहादा ऐकवली. नव्या पत्र्यावर फुलं कुठली, नुसत्या कण्या सांडल्यात, असंही म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर छपराचा पत्रा केला. तो घालायचा, खिळे मारायचे आणि विसरून जायचं.

पुढच्या उन्हाळ्यात शेवंताचं लग्न भेस्तानला ठरलं. मामाचा आहेर म्हणून ह्यांनी धान्याची कोठी द्यायचं ठरवलं. पत्र्याची कामं करणारा उखा आमच्याच गल्लीतला. तो म्हणाला, नवा पत्रा आणा, कोठीला सगळीकडे घड्याच असतात. मीही म्हटलं, की साहेबांनी दाखवलं ना तुम्हाला. पण ऐकतील ते हे कसले. "भाचीले परकाना पत्रा देऊ?" असं म्हणून कारखान्यातनं आपल्या हातचे पत्रे निवडून आणले. उखाने घड्या घातल्या तशा जमिनीवर कपच्या पडल्या. ह्यांनी त्या पायाने बाजूला सारल्या. मी तिथेच उभी होते.

मांडवात कोठी आरशासारखी चमकत होती. लोक हात लावून बघत होते आणि हे सगळ्यांना तिची फुलं दाखवत होते.

पावसाळा सरल्यावर आम्ही भेस्तानला गेलो. शेवंताची सासू काशीबाई बोलायला फटकळ, पण आदरातिथ्यात कमी नाही. आम्हाला जेवायला बसवलं आणि भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, की तुमच्या भाचीने चांगल्या कोठीची वाट लावली. पितळेची कळशी घासावी तशी राखेने घासली, त्यामुळे सगळ्या जोडांवरचं जस्त निघालं. ज्वारीत चकाकणारे कण येतात, दाताखाली करकरतात, आणि आता गंजही धरलाय. "मीच घासी, असं तीच सांगस," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही तर त्यातले जाणकार. जस्तले राख लाईसन घासतस का?"

शेवंता चुलीपाशी पाठमोरी बसली होती. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

हे म्हणाले, "नही. राख लावानी नही."

मी कोपराने डिवचलं, तर हे आणखीच बोलायला लागले. जस्त कसं जपावं, नुसत्या ओल्या फडक्याने कसं पुसावं, आजकालच्या पोरींना कसं कळत नाही. शेवंताचा हात पुन्हा चालू लागला. मला इतकी लाज वाटली की समोरचं ताट दिसेना. असल्या माणसाची बायको म्हणून आपण इथे बसून जेवतोय, असं वाटलं.

निघायची वेळ झाली. आमच्या खान्देशात मामा भाचीच्या पाया पडतो, भाचीला पडू देत नाही. त्याप्रमाणे हे वाकले, शेवंताच्या पायांवर हात ठेवले आणि तसेच राहिले. काशीबाई हसून म्हणाल्या, "बस व्हयनं, भाऊ."

हे मान खाली घालूनच बोलले. "ईहीनबाई, तिनी कोठी घासी नही. पत्रा मनाच खराब व्हता. माले माहीत व्हतं."

मला वाटलं, आता काशीबाई ह्यांना धुऊन काढणार, आणि काढावंच. पण त्या ह्यांच्याकडे बघतच नव्हत्या. सुनेकडे बघत म्हणाल्या, "मंग तू खोटं कसाले बोलनी?"

शेवंताने पदर चाचपला. "मामा साऱ्यासले सांगत फिरस, मना पत्रा, मना पत्रा. त्यानी मान खाली जाती, म्हनीसन."

हे ऐकलं तेव्हा ह्यांचे हात तिच्या पायांवरच होते. मी दंडाला धरून उठा म्हटलं, पण हे उठेनात. शेवटी शेवंतानेच खाली वाकून त्यांना उभं केलं.