पोटावर लिहिलेले चाळीस किलो

मित्रांनो, फर्निचरच्या कार्यशाळेत करवत कापते, रंधा तासतो, पटाशी खाच पाडते. मी वाळूची एक जुनी गोणी आहे. मी बसते. नवीन घडवलेल्या प्रत्येक वस्तूवर तीन दिवस बसायचे आणि ती टिकते का ते पाहायचे, एवढेच माझे काम. वस्तू मोडली तर ती कार्यशाळेबाहेर जात नाही. टिकली तर कुणाच्या तरी घरी जाते आणि लोक तिच्यावर निर्धास्तपणे भार टाकतात. म्हणजे शेवटचा शब्द माझा. आणि मला तर बोलता येत नाही.

कार्यशाळा ताईची. ताई आधी एका कारखान्यात कपाटांचे नकाशे काढत असे. रोज तेच कपाट, तीच मापे. तिला नव्या घडणीच्या वस्तू करायच्या होत्या. लहान खोलीत मावतील, भाड्याचे घर बदलले की सोबत नेता येतील, अशा. तिने नोकरी सोडली आणि मामाला बोलावून घेतले. मामा पस्तीस वर्षे सुतारकाम करत आला होता. ताईने कागदावर काही नवे काढले की तो चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, “खुर्चीला चार पाय असतात, हे सगळ्या जगाला पटलंय. तू पाचवा कुठे शोधत बसतेस?” एवढे बोलून झाले की तो तीच वस्तू इतकी नेटकी बनवायचा, की सांध्यात नखसुद्धा जाऊ नये.

माझा जन्म त्यांच्या गरजेतून झाला. शेजारी इमारत उभी राहत होती. तिथल्या वाळूच्या ढिगावर गवंड्यांनी नुकतेच पाणी मारले होते. मामाने तागाच्या गोणीला आतून जुन्या चादरीचे अस्तर लावले, तिच्यात ती वाळू भरली आणि पलीकडच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर मला ठेवले. काटा चाळीसवर येईपर्यंत ओंजळीओंजळीने वाळू घातली. मग ताईने काळ्या तेलरंगाने माझ्या पोटावर लिहिले: चाळीस किलो. त्या दिवशी ते अगदी खरे होते.

पहिल्या काही महिन्यांत मी पाच नमुने मोडले. उभ्याने घडी होणारे टेबल दुसऱ्या दिवशी गुडघ्यात वाकले. कोपऱ्यात बसणारी तिकोनी मांडणी तासाभरात कोसळली. प्रत्येक वेळी ताई तुटलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहत राही. मला फार वाईट वाटे. “ही गोणी नाही, तुझी सासू आहे,” असे मामा म्हणायचा. ताई हसायची आणि पुन्हा कागद पसरायची.

त्या दोघांनी मला खिडकीखाली ठेवले होते. दुपारभर माझ्यावर ऊन पडायचे. आणि मित्रांनो, वाळूतले पाणी कुणाला न सांगता जाते.

मला ते कळत होते. अंगातला गारवा आधी गेला, मग जडपणा. पोटावरचा आकडा मात्र तसाच होता. तेलरंग उडत नाही की विटत नाही. मी एकोणचाळीस झाले, सदतीस झाले, चौतीसवर येऊन थांबले. मामा एका हाताने मला उचलून खांद्यावर टाकू लागला तेव्हा स्वतःवरच खूश झाला. “या वयात अंगात बळ यायला लागलंय. तुझ्या मामीला सांगायला हवं,” असे तो म्हणाला. ताईने त्याला आरसा बघण्याचा सल्ला दिला.

याच सुमारास ताईचे नमुने टिकू लागले. आधी एक स्टूल, मग पलंगाखाली सरकणारी पेटी, मग भिंतीला टेकून उभे राहणारे लिहिण्याचे टेबल. तिन्ही वस्तू तीन घरांत गेल्या. ताईचा हात आता बसला, असे मामा सगळ्यांना सांगत सुटला. ताईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच झोप झाल्यासारखी टवटवी दिसली. मला मात्र भीती वाटू लागली होती. हात बसला होता, की मी हलकी झाले होते? मला ठरवता येत नव्हते, आणि ठरवता आले असते तरी सांगणार कुणाला?

मग एक दिवस बालवाडीच्या बाई आल्या.

त्यांची बालवाडी भाड्याच्या एका लांबट खोलीत होती. घरमालकाने भिंतीला एकही खिळा मारायचा नाही, असे बजावले होते. चित्रांची पुस्तके आणि लाकडी ठोकळे खोक्यांत भरून जमिनीवर ठेवलेले, आणि मुले त्या खोक्यांना अडखळायची. खिळ्याशिवाय उभी राहील अशी मांडणी हवी, म्हणून त्या चार ठिकाणी फिरून आल्या होत्या. सगळीकडे नकार मिळाला होता.

ताईने आठ दिवस त्यावर डोके चालवले. चार खांब, प्रत्येकाच्या तळाला आट्यांचा पाय. पाय फिरवला की खांब जमीन आणि छत यांच्यात घट्ट दाबून बसतो. खांबांना खाचा, खाचांत फळ्या आणि प्रत्येक फळीला लाकडी पाचर. खिळा कुठेच नाही. एका फळीवर किती ओझे असेल, हे ताईने बाईंना विचारले. फार तर बावीस किलो, असे बाईंनी सांगितले. मुले मांडणीवर चढणार नाहीत याची मी काळजी घेईन, असेही त्या म्हणाल्या. त्यावर मामाने मान हलवली.

“बाई, मुलं चढणारच. मुलं आहेत ती, फुलदाण्या नाहीत.”

मग सगळ्यांत जड मूल किती किलोचे, याची चौकशी झाली. अठरा. बावीस आणि अठरा, चाळीस. ताईने माझ्याकडे बोट दाखवले. “बरोब्बर हिच्याएवढं.”

ते तीन दिवस मी विसरू शकत नाही. मला दुसऱ्या फळीवर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डावीकडची पाचर केसभर सरकली. मला ते अंगाखाली जाणवले. अजून सहा किलो असते तर ती निसटली असती, इथेच, लाकडाच्या भुश्यात, कुणालाही न लागता. आयुष्यभर मला मोडण्याचे दुःख होते. त्या रात्री मात्र मी जीव तोडून मोडायचा प्रयत्न केला. पण गोणीने प्रयत्न करायचा म्हणजे काय करायचे? मी बसले होते तशीच बसून राहिले. चौथ्या दिवशी सकाळी मामाने मला खाली उतरवले आणि फळीवर थाप मारून म्हणाला, “हत्ती बसव आता.”

मांडणी बालवाडीत गेली. सतरा दिवस उभी राहिली.

अठराव्या दिवशी बाई कार्यशाळेत आल्या आणि दारातच बसल्या. पाच वर्षांची एक मुलगी वरचा निळा घोडा काढायला दुसऱ्या फळीवर चढली होती. फळी निसटली, वरच्या दोन फळ्याही खाली आल्या. मुलीचा हात कोपराच्या खाली मोडला होता. ताईंचा काही दोष नाही, चढू नको असे आपण तिला दहादा सांगितले होते, असे बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ताईने विचारले, “तिचं वजन किती?”

“सोळा असेल. काडी आहे नुसती.”

बावीस आणि सोळा, अडतीस. दुसऱ्या दिवशी ताईने मांडणी परत आणवली, तशीच उभी केली, नवी पाचर ठोकली आणि त्याच फळीवर मला ठेवले. खरे काय ते आता हीच सांगेल, असे ती मामाला म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नव्हता. आणि मी तीन दिवस त्या फळीवर बसले, आणि फळी टिकली.

चाळीस किलो पेलणारी फळी सोळा किलोच्या मुलीने मोडत नाही. मग त्या मुलीने नक्कीच उड्या मारल्या असणार, लोंबकळली असणार. मामाने तसे म्हटले, बाईंना ते पटले, बाईंनी मुलीच्या आईवडिलांना सांगितले. मुलीला विचारले तेव्हा ती आधी नाही म्हणाली. मग आईने विचारले, मग वडिलांनी, मग शेजारणीने. चौथ्या वेळी ती हो म्हणाली. बाईंनी हे ताईला येऊन सांगितले ते दिलासा द्यायला. मी कोपऱ्यात होते. मी एका पाच वर्षांच्या पोरीविरुद्ध दोनदा खोटी साक्ष दिली होती, आणि दोन्ही वेळा कुणी मला खोटे ठरवले नव्हते. त्या आठवड्यात मला कुणी आगीत टाकले असते तर बरे झाले असते. पण वाळू जळतही नाही.

खरे बाहेर आले ते भांडणातून. मोडकी बिजागरे आणि पत्रे न्यायला एक भंगारवाला यायचा. त्याच्याकडे हुकाचा ताणकाटा होता. त्याच्याशी हुज्जत घालणे हा मामाचा आवडता विरंगुळा.

“शेठ, तुमचा काटा जन्मापासून खोटा आहे.”

“दादा, काटा खोटा निघाला तर मिशी उतरवीन.”

“लाव मग ही गोणी. चाळीस आहे. एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही.”

भंगारवाल्याने मला हुकाला अडकवले आणि दोन्ही हातांनी वर उचलले. काटा चौतीसवर थांबला. मामाने टाळी वाजवली. “बोलाव न्हाव्याला.”

भंगारवाल्याचा चेहरा पडला. त्याने इकडेतिकडे पाहिले. भिंतीशी लाकडातल्या फटी बुजवायच्या पांढऱ्या लांबीची एक बंद पिशवी होती. कारखान्याची शिवण तशीच होती, वर वीस किलो छापलेले. त्याने ती हुकाला लावली. काटा विसावर आला आणि तिथेच राहिला.

मामाचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण हसू निघून गेले. ताई नकाशा सोडून उठली. तिने माझे तोंड उसवले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा हाताला वाळूचा एक कणही चिकटला नव्हता. ती कोरड्या तळव्याकडे पाहत राहिली.

“भरली तेव्हा ओली होती, मामा.”

मामा स्टुलावर बसला. “आपण मिलिमीटर मोजत बसलो गं. हिला कुणी मोजलंच नाही.”

ताईने सहा किलो कोरडी वाळू माझ्यात घातली आणि मला पुन्हा त्या फळीवर ठेवले. पाऊण तासात पाचर निसटली. मी खाली आदळले.

त्याच संध्याकाळी ती दोघे मला घेऊन त्या मुलीच्या घरी गेली. भंगारवालाही आला, काटा घेऊन. त्याला कुणी बोलावले नव्हते. मुलगी खाटेवर बसली होती. प्लास्टर तिच्या हातापेक्षा मोठे दिसत होते. ताईने आधी तिच्या आईवडिलांना काही सांगितले नाही. ती मुलीसमोर जमिनीवर बसली.

“तू उड्या मारल्या नव्हत्यास. फळीच कच्ची होती. माझी ही गोणी हलकी झाली होती आणि मी तिला तोलून पाहिलं नाही. चूक माझी आहे.”

मुलगी माझ्या पोटावरची अक्षरे बघत राहिली. मग तिने आईकडे पाहिले.

“मग मी हो का म्हटलं?”

तिच्या आईने तोंडाला पदर लावला. वडील खिडकीकडे वळले. मामा, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक टोमणा असतो, तो चपला शोधू लागला.

त्यानंतर ताई आधीच्या वस्तू गेलेल्या त्या तिन्ही घरांत गेली. वस्तू परत आणल्या आणि खऱ्या चाळिसाखाली ठेवल्या. स्टूल आणि पेटी टिकली. टेबल मोडले. त्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी कोपरे टेकून वाचत बसत होते. त्यांना काही झाले नव्हते, हा निव्वळ योगायोग. खिळ्याशिवायची मांडणी ताईने पुन्हा काढायला घेतली आहे. पाचरीऐवजी आता लाकडी आडवी खुंटी आहे. आतापर्यंत ती दोनदा मोडली आहे. ताई पूर्वीसारखी हसत नाही, पण नकाशा काढते.

मुलगी बालवाडीत परत आली, असे बाईंकडून कळले. ती कुठल्याच फळीजवळ जात नाही. निळा घोडा बाईंनी जमिनीवर ठेवला आहे.

मित्रांनो, मला तुमच्याकडून दया नको. एकच मागणे आहे. ज्याच्या शब्दावर तुम्ही दुसऱ्याला दोषी ठरवणार आहात, त्याला आधी तोलून बघा. तो काटा असो, पट्टी असो, मोठे माणूस असो, नाहीतर मी. अंगावर काय लिहिले आहे ते वाचून थांबू नका. आणि एखादे लहान मूल पहिल्यांदा नाही म्हणाले, तर चौथ्यांदा विचारू नका.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मला तोलतात. माझ्या पोटावरचा तेलरंग खरवडून काढला आहे. तिथे खडूने आकडा आणि तारीख लिहितात. आज सकाळी मला फळीवर ठेवताना तळाची शिवण थोडी उसवली. सहासात दाणे खाली गळले. मामाने ते पाहिले नाहीत, केरसुणीने भुश्याबरोबर झाडून टाकले. मग पुन्हा काही दाणे गळले.

पहिल्या तारखेला अजून बावीस दिवस आहेत.