बाहेरून मूठ नसलेले दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी सफरचंदांची आणि चेरीची एक लहानशी बाग आहे. तिथल्या घराच्या दर्शनी भिंतीत मी उभे आहे. माझे लाकूड ओकचे आहे, रंग हिरवा-पांढरा. मला बाहेरून मूठ नाही, कडी नाही, किल्लीचे भोकही नाही. मी फक्त आतून उघडते, आणि तेही दोनच कारणांनी. मालकांच्या घरात नवरी येते तेव्हा आणि मालकांच्या घरातले कोणी शेवटचे निघते तेव्हा. आमच्या गावातल्या जुन्या घरांना असे एक दार असतेच.

सुताराने मला बसवले त्या दिवशी सगळा गाव बघायला आला होता. सगळ्यांनी माझे कौतुक केले. मग मला अडसर घातला आणि सगळे बाजूच्या दाराने घरात गेले.

ते बाजूचे दार बागेकडे उघडते. साध्या फळ्यांचे, रंग उडालेले आणि करकरणारे. पण चिखलाचे बूट, शिड्या, पेट्या, तोडणीचे मजूर, सगळे त्याच्यातूनच जात-येत. चेरीच्या दिवसांत त्याची चौकट लाल होई. माझ्या वाट्याला रस्ता आणि त्यावरची धूळ. बागेचा वास मला मिळे तो त्याच्या फटीतून आलेला. मला त्याचा फार हेवा वाटे.

मोठे मालक गेले तेव्हा मी उघडले. त्यांचा मुलगा लूडर शहरात राहिला. त्याचे लग्न झाले तेव्हा मी खूप आशेने वाट पाहिली. तो नवरीला मोटारीतून घेऊन आला आणि बाजूच्या दाराने आत गेला, कारण मोटार तिकडेच उभी राहते.

बाग सांभाळायला मोठ्या मालकांच्या वेळेपासून हार्म होता. लग्न करून तो गेशेला घेऊन आला, तेव्हा ती माझ्यासमोर थांबली.

"इथून नाही जायचं?"

"ते मालकांचं आहे. आपण कारभारी माणसं, आपण बाजूनं."

गेशे हसली. "बरंच झालं. तिथून रोज तरी जाता येईल. यातून गेलं की परत यायचं नाव नको."

ती पेटी उचलून बाजूच्या दाराकडे गेली, आणि ते दार तिचे झाले. दोन्ही हातांत पेट्या असल्या की ती त्याला कमरेने ढकले. ढकलून ढकलून तिथली फळी गुळगुळीत झाली. आधी करकर ऐकू येई, मग तिचा आवाज, "हार्म, बूट!" चिखल घरात आलेला तिला चालत नसे.

बागेचा कारभार हार्मच्या नावावर होता, पण तो चाले तिच्या डोक्याने. तोडणी कधी सुरू करायची हे ती सफरचंद कापून, बी किती काळी झाली ते पाहून ठरवी. लूडर रविवारी फोन करी. फोन माझ्याशेजारीच आहे. "सगळं ठीक," हार्म सांगे, आणि स्वयंपाकघरातून गेशे म्हणे, "त्याला विचार, आपली बाग कुठल्या बाजूला आहे ते तरी आठवतंय का."

दर वसंतात झाडे फुलायच्या आधी ती माझ्या बिजागऱ्यांना तेल घाली, अडसरालाही घाली.

"न उघडणाऱ्या दाराला तेल कशाला?" हार्म म्हणे. "त्या करकरणाऱ्याला घाल की."

"त्याला माणसांची सोबत आहे. याला कोण विचारतं?"

तरी माझा हेवा गेला नाही. मला वर्षातून एकदा तेल, आणि त्याला रोज तिची कमर.

शेवटची सफरचंदे उतरत होती तेव्हा गेशे बागेतच एका पेटीवर बसली, ती उठली नाही. शवपेटी माझ्या आतल्या दालनात ठेवली. शेजारची मेटा लोण्याचा केक घेऊन आली. आमच्याकडे लग्नातही तोच करतात आणि मयतातही तोच.

मेटा म्हणाली, "बाजूच्या दारात वळण आहे. तिरकी करून काढावी लागेल रे."

"तिरकी नाही करायची."

"मग पुढच्या दारानं? हार्म, ते मालकांचं आहे. गाव बोलेल."

हार्मने फोन उचलला. तो बराच वेळ नुसता हं हं करत होता. मग मेटाला म्हणाला, "लूडर येतोय. तोवर दाराला हात लावू नको म्हणाला."

मला वाटले, एकदा, फक्त एकदा, गेशे माझ्यातून जावी. बाकी सगळे आयुष्य ती त्या बाजूच्या दाराचीच होती.

दुसऱ्या दिवशी माणसे रस्त्यावर टोप्या काढून उभी राहिली. आत खांदेकरी शवपेटी उचलून थांबले होते. लूडर काळ्या कोटात आला आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्यापुढे उभा राहिला. त्याचा हात माझ्या अंगावर वर-खाली फिरत राहिला. भोक सापडेना.

रस्त्यावरून मेटा हळूच म्हणाली, "त्याला बाहेरून काही नसतं रे बाळा. तुझ्याच घरचं दार आहे ना?"

लूडरने हात खाली घेतला. तो माझ्या फळ्यांशी तोंड आणून बोलला, "हार्मकाका, गेशेकाकूला मी स्वतः दार उघडून देणार होतो. आता तुम्हीच उघडा."

हार्मने अडसर ओढला. इतक्या वर्षांनी उघडताना मी ओरडेन असे सगळ्यांना वाटले असावे. माझा आवाजही झाला नाही. तिचे तेल होते ना. गेशे माझ्यातून सरळ, ताठ बाहेर गेली.

माणसे पांगल्यावर हार्मने मला आतून बंद केले आणि तो बागेत एक फेरी मारून आला. बाजूचे दार करकरले. तो उंबऱ्यावरच थांबला, काही वेळ तसाच उभा राहिला. मग खाली वाकून त्याने बूट काढले.

लूडर तेलाची बाटली घेऊन तिकडे गेला. "काका, याला जरा तेल घालतो."

"नको," हार्म म्हणाला.

मित्रांनो, आता तो रोज त्या दाराशी तसा थांबतो. माझ्याशी थांबत नाही. त्याला गेशे आठवावी असा आवाजच माझ्याकडे नाही, म्हणून त्या दाराचा मला अजूनही हेवा वाटतो. तुमच्या घरातल्या दारांची काळजी घ्या. सगळ्यांना वेळच्या वेळी तेल घाला. फक्त ज्या दारातून तुमचे माणूस रोज येते, ते थोडे करकरले तर करकरू द्या.