उघाडीच्या फळ्या

ओहोटी लागली की कस्तुमीचा पाय घरात ठरायचा नाही. चुलीवरचा भात उतरवायची, सरोंग गुडघ्यापर्यंत खोचायची आणि तडक चिखलात उतरायची. तिथे रोवलेल्या बांबूंवर तिनं चाकूनं खुणा केल्या होत्या. काल दिसणारी खूण आज गाळात गेली की आणखी उघडी पडली, एवढंच तिला बघायचं असे. एका दिवसात काय फरक पडणार? तिलाही ते कळत होतं. पण जीव थाऱ्यावर नव्हता.

देमाकचा तो किनारा वर्षागणिक आत सरकत होता. कस्तुमीच्या घरातली जमीन तीनदा भराव घालून उचलली होती. आता दारातून वाकून आत जावं लागे आणि खिडकी गुडघ्याशी आली होती.

तीस वर्षांपूर्वी इथे तिवरांचं रान होतं. कोळंबीचे दिवस आले तसं गावानं ते तोडलं आणि तळी बांधली. फांद्यांचे भारे डोक्यावरून वाहणाऱ्यांत सोळा वर्षांची कस्तुमीही होती. भलती खुशीत होती ती तेव्हा. पुढे कोळंबीला रोग लागला, तळ्यांत बांडेंग मासे आले, आणि समोर अडवायला झाडं उरली नाहीत म्हणून समुद्र एकेक तळं गिळत निघाला.

गावानं दोनदा दोरी धरून सरळ ओळींत कांदळाची रोपं लावली. निम्मी लाटांनी उपटली. उरलेल्यांच्या काड्यांवर कालवं चढली आणि त्या वजनानं ती मोडली. मग लोकांनी पाण्यात बांबू ठोकले, मध्ये झाडोरा दाबून कूड घातले. पाणी त्यातून आरपार जायचं, पण लाटेचं बळ मोडायचं. थबकलेलं पाणी आपला गाळ खाली टाकायचं. इतरांच्या कुडांमागे चिखल बोटाबोटानं चढू लागला. कस्तुमीच्या नवऱ्याच्या, मुदाकिरच्या तळ्यासमोर मात्र तो उतरतच होता.

एके दिवशी तळ्याच्या बांधावर मातीच्या पाट्या वाहता वाहता ती थांबली. नवऱ्याला ती कांग म्हणायची.

"कांग, ही माती कुठून काढताय तुम्ही?"

"समोरून. मग काय बाजारातून आणू?"

"समोरचं खणताय म्हणून बांधाचा पाय सुटतोय. तो खचतो, की तुम्ही परत खणता. वर लाट बांधावर आपटते आणि जाताना उरलासुरला गाळ ओढून नेते."

"बरं, मग काय करायचं म्हणतेस?"

"बांधातल्या उघाडीच्या फळ्या काढा. तळं पाण्याला द्या. आत थबकलं की गाळ टाकेल ते."

मुदाकिर फावडं टेकून हसला आणि शेजारच्या बांधावरच्या म्हाताऱ्या सार्पिनला, गावाच्या लिकला म्हणजे काकाला, ओरडून म्हणाला, "ऐकलंत का लिक? आमची बायको तळं दान करायला निघालीय!"

"देऊन टाक रे," सार्पिन म्हणाला. "वर बायकोही दे. समुद्राला बडबडीची सवय होऊ दे जरा."

कस्तुमीनं पाटी तिथेच पालथी केली आणि घरी गेली. त्या दिवसानंतर तिनं बांधावर एक ढेकूळ वाहिलं नाही.

तळ्यातले मासे काढून झाले, त्यानंतरचा शुक्रवार. पुरुष माणसं मशिदीत गेलेली, उधाणाची भरती चढत आलेली. कस्तुमीनं बांधातलं पाणी अडवणाऱ्या उघाडीच्या फळ्या एकेक करून उपसल्या. फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या, हाताची सालपटं निघाली. पाणी आधी खळखळत आत आलं, मग त्यानं दोन्ही बाजूंची माती कुरतडली, आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं.

मुदाकिर आला तेव्हा ती तिथेच उभी होती.

"बुडवलंस?"

"हो."

एवढंच बोलणं झालं. मग चार महिने तो तिच्याशी बोलला नाही. समारांग शहरात बांधकामावर जायचा, रविवारी यायचा, वाढलेलं खायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. कस्तुमी चिखलातल्या खुणा मोजत राहिली. गाळ एक बोट चढला. उधाणानं दोन बोटं नेला. पुन्हा चढला. आपण हट्टापायी घर धुळीला मिळवलं की काय, या विचारानं ती पुन्हा पुन्हा चिखलात उतरायची.

पश्चिमेचे वारे सुटले आणि पाण्यावरून तिवराची चपटी हिरवी फळं तरंगत आली. कुणी लावली नाहीत, कुणी दोरी धरली नाही. शांत पाण्यात ती टेकली आणि त्यांना मुळं फुटली. बरीचशी खेकड्यांनी खाल्ली. पुढल्या वर्षीची मात्र टिकली आणि कमरेएवढी झाली. त्यांच्या मुळांत गाळ अडकला, गाळावर निवटे मासे उड्या मारू लागले, निवट्यांमागे बगळे आले. मोडक्या बांधातून ओहोटीचा एक ओहोळ वाहायला लागला होता. मुदाकिरनं न सांगता तिथे जाळं लावलं आणि टोपलीभर कोळंबी आणून चुलीपाशी ठेवली.

"लसूण जास्त घाल," तो म्हणाला.

चौथ्या वर्षी तिवरांच्या सावलीत कांदळाची रोपं उगवलेली कस्तुमीला दिसली. गावानं ओळीत लावून मेलेली हीच ती झाडं. आता आपल्या पायानं आली होती. ती धावत सांगायला गेली, तर मुदाकिर घराच्या मागच्या भिंतीवरची ओल हातानं चाचपत होता.

"जमीन खचतेच आहे," तो म्हणाला. "पाणी आणखी चढणार. मग तुझ्या झाडांना मागे सरकावं लागेल."

"सरकतील."

"कुठे? मागे आपलं घर आहे."

घर सोडावं लागणार, हे कस्तुमीला उमगलं आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. "घर? या घरात माझी दोन बाळंतपणं झाली, कांग! चूल मी घातलीय इथली!"

"तळं माझ्या बापानं खणलं होतं," मुदाकिर शांतपणे म्हणाला.

तिचा आठवडा धुसफुशीत गेला. भांडी आपटली, सार्पिन समजूत घालायला आला तर त्यालाच झापलं. मग एका सकाळी तिनं स्वतःच छपराची कौलं उतरवायला सुरुवात केली. किनाऱ्यापासून आत, भावाच्या भातशेताशेजारी जागा मिळाली होती. लाकूडसामान कालव्यातून नेताना ती होडीत पाठ वळवून बसली. तिनं मागे बघितलं नाही.

नव्या घरात दारातून ताठ मानेनं जाता येत होतं, जमीन कोरडी होती. दोन दिवस तिनं कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी भावाची होडी सोडताना मुदाकिरनं तिला गाठलं.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. कूड ढिला झालाय का, बघून येते."

"सरक जरा," असं म्हणत तो होडीत चढला आणि त्यानं वल्हं हातात घेतलं.