पलंगापुरती खोली

जाद्रांकाने बॅग खांद्यावरून उतरवली नाही. दारातच उभी राहून तिने बुटांवरची गुलाबी धूळ झटकली. वर उन्हाने डोळे दिपत होते; इथे टेकडीच्या पोटात, बापाच्या कोरीव घरात, माठाशेजारी असतो तसा गारवा होता.

"बैस, चहा टाकतो," स्तिपान म्हणाला.

"संध्याकाळच्या बसने परत जायचंय, बाबा. तुम्ही पडलात असं कळलं म्हणून आले. बरे दिसताय."

"आजच जाणार?"

"हो."

त्याने फळीवर समोर असलेला एकच कप खाली घेतला. मग मागे हात घालून दुसरा शोधून काढला, फुंकला आणि धुतला. घरात दुसऱ्या माणसाची कसलीच खूण नव्हती. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

या गावात कुणाचे घर कधी पुरे होत नाही. माणूस कपाटापुरते खणायला घेतो, खडकात ओपल या मौल्यवान खड्याचा रंग दिसला की शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो. ती नऊ वर्षांची असताना तिच्याच खोलीच्या भिंतीत रंग दिसला होता. 'अजून हातभरच,' असे म्हणत बापाने तिचा पलंग बोळात काढला, मग चुलीपाशी. खोलीची खाण झाली. रंग विरला, हाती काहीच आले नाही. हिवाळ्याआधी आई तिला घेऊन ॲडलेडला गेली. त्यानंतर जाद्रांका आज पहिल्यांदा आली होती.

"अरे, पोरगी आली वाटतं!" शेजारचा लेफ्टेरिस न विचारताच आत आला. "नाक मात्र बापाचं घेतलंस गं. वाईट झालं!" मग स्तिपानकडे वळून म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, दोन वर्षं ती नवी खोली खणत होतास. लागलं का काही?"

"धूळ लागली."

"फुटकं नशीब तुझं!" हसत हसत तो निघून गेला.

स्तिपानने चहा तिच्यापुढे ठेवला, पण तो बसला नाही.

"खोली तुझ्यासाठी खणली. निदान बघून तरी जा."

नको म्हणणे तिच्या ओठांवर आले होते. तरी ती उठली.

खोली लहानशीच होती. पलंग आणि घडी करून ठेवलेली चादर, एवढेच सामान. धूळ झडू नये म्हणून भिंतींना पातळ गोंद फासला होता. तिने दिवा लावला आणि उशाकडच्या भिंतीत काहीतरी हिरवे चमकले. तिने मान हलवली तशी त्या हिरव्यातून तांबडी रेघ धावली. वीतभर रुंदीचा पट्टा सरळ आत खडकात गेला होता. तिथवर येऊन खणणे थांबले होते. भिंत छिन्नीने नीट सपाट केलेली होती.

"बाबा, हा रंग आहे."

"माहितीय."

"तुम्ही तर त्या शेजाऱ्यांना धूळ लागली म्हणालात."

"त्याला सांगितलं असतं तर रात्रीत फावडं घेऊन आला असता."

"मग तुम्ही पुढे का नाही गेलात?"

स्तिपान चादरीचे टोक उगाच सारखे करत राहिला.

"पुढे गेलो असतो तर पलंग कुठे मांडला असता?"

बऱ्याच वेळाने छतातल्या हवेच्या नळीतून बसचा भोंगा ऐकू आला, मग पुन्हा एकदा, लांबवर. स्तिपानने दाराकडे पाहिले. जाद्रांका पलंगाच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.